दमणीतली मडम

१

पेटी गेली तेव्हा कुलूप तुटले नव्हते, की भिंतीला भोक पडले नव्हते. बशीरचाचाने स्वतःच्या हाताने दार उघडले होते, पेटी स्वतःच्या खांद्यावरून बाहेर नेऊन दिली होती, आणि वर लवून सलामही केला होता. आता तोच बशीरचाचा बार्लो साहेबाच्या तबेल्याशेजारच्या कोठडीत गुडघ्यांत मान घालून बसला होता.

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेतल्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचे दिवस आले होते. अमरावतीच्या परकोटाबाहेर नव्या वखारी उठल्या होत्या. त्यांतली एक बार्लो साहेबाची. गेलेल्या पेटीत पैसाअडका नव्हता. गावोगावच्या कापसाच्या मोहोरबंद पुड्या होत्या. ज्या गावची पुडी सरस ठरेल त्या गावचा सगळा कापूस साहेब थेट घेणार होता, आणि त्याचेच बी पुढच्या पेऱ्याला इतर गावांना देणार होता. त्या पुड्यांवर कितीतरी घरांचे डोळे लागले होते.

साहेबाने पेटीच्या खोलीला एक अजब कुलूप घातले होते. लोखंडी कुलूप होतेच, त्याची चावी बशीरजवळ असे. पण खरे कुलूप होते इंग्रजीचे. साहेबाच्या किंवा मडमेच्या तोंडून इंग्रजीत हुकूम आला तरच खोली उघडायची. हुकमातले दोन-चार शब्द साहेबाने बशीरकडून घोकून घेतले होते. गावात इंग्रजी कोणाला येते? मग भीती कशाची?

साहेब अकोल्याला गेला असताना दिवेलागणीला मडमेची असते तशी पांढऱ्या पडद्यांची दमणी, दोन बैलांची बंद गाडी, वखारीपुढे थांबली. पडद्याआडून मडमेचा आवाज आला, आणि पेटी गेली. साहेब परतला तेव्हा कळले की मडम तापाने फणफणलेली होती. अंथरूण सोडून ती उठलीच नव्हती.

"हा म्हातारा खोटे बोलतो आहे," साहेब केशोपंतांना इंग्रजीत म्हणाला. "पेटी विकली त्याने. उद्या सकाळी मी त्याला फौजदाराच्या हवाली करणार. तुम्ही दोन्ही भाषा जाणता. तोवर त्याच्याकडून खरे काय ते काढा."

केशोपंत दुभाष्यांनी मान हलवली. मान हलवणे हाच त्यांचा अर्धा धंदा होता. पन्नाशी उलटलेली, बायको जाऊन वर्षे झालेली, मूलबाळ नाही. एलिचपूरला असताना एका पाद्र्याकडून ते इंग्रजी शिकले आणि निघताना त्याने दिलेला उशीएवढा जाड कोश घेऊन अमरावतीला आले. कोशात मोठमोठे शब्द होते, पण रोजच्या वापरातला नेमका कोणता, हे कोश सांगत नसे. एकदा मडमेने विचारपूस केली तेव्हा त्यांनी 'माझी चूल लहान आहे' असे सांगायला 'फर्नेस' हा शब्द काढला, आणि यांच्या घरी लोखंड वितळवतात की काय, अशा नजरेने मडम पाहत राहिली. तेव्हापासून प्रत्येक शब्द बोलण्याआधी ते तो मनात उलटापालटा करून पाहत. आणि बहुतेकदा गप्प बसत.

२

"अल्लाकसम पंतजी, मडमच होती," बशीरचाचा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदूची राख पसरली होती. "पडदे सफेद. हाकणाऱ्यानं थंडीनं तोंडाले शेला गुंडाळला होता. अन् आवाज बाईमानसाचा, इंग्रजी. मले दुसरं काय पाह्यजे होतं?"

"काय म्हणाली ती? आठवतं?"

"आठवत कसं नाही? सबेरेपासून तेच घोकून राहिलो." बशीर ताठ बसला आणि नमाजातल्या आयती म्हणाव्यात तसे सावकाश म्हणाला, "ओपन द डोअर, अंकल. ब्रिंग द बॉक्स, अंकल."

केशोपंतांची लेखणी कागदावर थबकली.

"पुन्हा म्हण."

"ओपन द डोअर, अंकल. 'ओपन' समजते. 'डोअर' समजते. 'बॉक्स' बी समजते. हे 'अंकल' काय असते पंतजी? चावी?"

केशोपंतांनी कोठडीच्या झरोक्याकडे पाहिले. बाहेर गाड्यांवरून उडालेला कापूस बाभळीच्या काट्यांना लटकला होता.

"चावी नव्हे," एवढेच ते म्हणाले, आणि उठले.

"पंतजी," मागून बशीर म्हणाला, "मले फौजदारापाशी नेतीन तं शकीलाले सांगजा, बाप चोर नव्हता. पोरीची सोयरीक परतवाड्यात ठरली हाये. चोराच्या पोरीले कोन घेते?"

३

गावात इंग्रजी बोलणाऱ्या बायका दोनच, असे सगळे धरून चालत होते. एक मडम, दुसरी तिची गोव्याकडची आया, फिलोमिना. बाजाराने निकाल कधीच लावून टाकला होता: बशीर नाही तर आया.

फिलोमिना बंगल्याच्या मागच्या पडवीत मडमेसाठी पेज गाळत होती. केशोपंतांना पाहताच ती भडकली.

"म्हाका विचारूक आयलात? मी रात्रंदिवस मडमेच्या कपाळावर पट्ट्या ठेवतां, आणि लोक म्हणतात मी दमणीत बसून हिंडतां!"

"तसं नाही बाई. एकच काम करा. समजा बशीर फाटकापाशी उभा आहे आणि तुम्हाला दार उघडायला सांगायचंय. इंग्रजीत सांगा पाहू."

"ही कसली परीक्षा?" ती म्हणाली, पण हातातले फडके खांद्यावर टाकून तिने फाटकाकडे तोंड केले आणि अशी ओरडली की झाडावरचे कावळे उडाले: "यू! वॉचमन! ओपन!"

"आणि मडम कशी सांगते?"

"तश्शीच. फक्त हळू. तिच्याकडूनच तर शिकलां."

"त्याला दुसऱ्या कुठल्या नावाने नाही हाक मारत? नात्याच्या?"

फिलोमिना हसली. "नात्याच्या? वॉचमनाला? पंत, तुमचं पुस्तक तुम्हाला काय काय शिकवतं हो!"

केशोपंतांचे कान लाल झाले. पण जे हवे होते ते त्यांना मिळाले होते, आणि ते मिळू नये असे त्यांना मनापासून वाटत होते.

फाटकातच रामराव भेटला. रामराव हा साहेबाचा अडत्या. शेतकऱ्यांचा कापूस त्याच्याच हातून साहेबाकडे जाई, आणि दर गाडीमागे त्याला दलाली मिळे. अंगात रेशमी अंगरखा, तोंडात पान.

"काय पंत, चोर सापडला ना कोठडीत? मंग कायले फिरून राहिले? बुढ्याले देऊन टाका फौजदाराले अन् मोकळे व्हा."

"पेटीचं काय?"

"पेटीचं काय घेऊन बसले? नव्या पुड्या भरून आनतो मी. कोनाचं काही बुडत नाही. आता भातकुलीवाले बोंबलतीन, पन त्याईची पुडी तशीही आखूड धाग्याचीच होती. ते कायले पास होते?"

केशोपंतांनी मान हलवली. चार पावले गेल्यावर ते थांबले, वळले आणि काही बोलण्यासाठी तोंड उघडले. मग नेहमीप्रमाणे मिटून घेतले.

पण रामरावाचे ते वाक्य त्यांनी मनात जपून ठेवले.

४

बुधवाऱ्यातल्या आपल्या खोलीत येऊन ते कोशापुढे बसले, पण कोश उघडला नाही. त्यात पाहण्यासारखे काही उरले नव्हते.

गावात इंग्रजी येणारी तिसरी बाई होती. हे त्यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते.

सत्यभामा भातकुलीची. नवरा वारल्यावर भाऊ खुशालरावाकडे परतलेली. कापसाच्या हंगामात ती अमरावतीला मावशीकडे राही, साहेबाच्या वखारीत कापूस निवडायला जाई आणि परतताना पंतांचे अंगण सारवून देई. एके दिवशी शेणाचा हात तसाच ठेवून तिने विचारले होते, "झाडूले इंग्रजीत काय म्हनतात?" तिथून सुरुवात झाली. दाराला, खिडकीला, पेटीला, पाण्याला, आणा, न्या, ठेवा, उघडा. पंत ओसरीवर आणि ती अंगणात. लोकांना वाटे, बाई सारवते आहे आणि म्हातारा पुटपुटतो आहे.

"तुला कशाला हवंय हे?" त्यांनी विचारले होते.

"साहेबाशी बोलाचं हाये. आमच्या अन् साहेबाच्या मधात लई मानसं उभी असतात."

त्या मधल्या माणसांत आपणही आहोत, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यांना एवढेच कळत होते की तिसरा प्रहर झाला की आपले कान फाटकाकडे लागतात.

एकदा तिने विचारले, "काकाले काय म्हनतात?"

"अंकल."

"अन् मामाले?"

"अंकल."

"मावसा? फुवा? चाचा?"

"सगळ्यांना तेच."

"अगं माय! एवढ्या मानसाईले एकच शबूद? गरीबच हायेत बिचारे." ती खूप हसली. मग म्हणाली, "अन् नात्याचा नाही, पन वाटेवर बुढा मानूस भेटला तं त्याले काय म्हनाचं?"

हे काही त्यांना ठाऊक नव्हते. कोशातही नव्हते. पण 'माहीत नाही' म्हणायची लाज वाटली, आणि ते म्हणाले, "तेच म्हणावं."

पुढे साहेबाच्या पदरी वावरताना त्यांना उमगले की इंग्रज माणूस परक्या म्हाताऱ्याला नात्याने हाक मारत नाही. चूक दुरुस्त करायचे त्यांनी ठरवलेही होते. पण तोवर सत्यभामा यायची बंद झाली होती.

तिचे येणे का थांबले, हेही त्यांना पक्के ठाऊक होते.

ती भर सकाळी बंगल्याच्या व्हरांड्यापुढे येऊन उभी राहिली होती. भातकुलीची पुडी खुशालरावाने घरी बांधून, मोहोर लावून दिली होती. आत होता बनी कापूस, लांब धाग्याचा, रेशमासारखा. ती पुडी रामरावाने वखारीच्या मागे फोडताना सत्यभामेने पाहिली होती. आतला कापूस काढून त्याने जाडाभरडा भरला आणि मोहोर पुन्हा डकवली. "साहेबाले सांगा," ती पंतांना म्हणाली, "रामरावनं लबाडी केली. आमचा कापूस चोरला."

पंतांना शब्द येत नव्हते असे नाही. चोरीला, लबाडीला, फसवणुकीला कोशात शब्दच शब्द होते. पण रामराव शेजारीच उभा होता, पान चघळत. पंतांनी शब्द मनात उलटापालटा केले आणि त्यांतला सगळ्यात मऊ उचलला.

"साहेब, हिला वाटतं, काहीतरी मिस्टेक झाली आहे."

"मिस्टेक?" साहेब म्हणाला. "मग रामराव पाहील."

सत्यभामेने पंतांकडे पाहिले होते. तो शब्द तिला येत होता. अंगणातले पाण्याचे घंगाळ तिच्या हातून कलंडले तेव्हा तोच शब्द त्यांनी तिला शिकवला होता.

त्या दिवसापासून अंगणाचे पोपडे निघू लागले होते.

५

दुपारी भाड्याचा छकडा करून केशोपंत भातकुलीला गेले. खुशालराव गोठ्यात बैलांना सरकी चारत होता. त्यांना पाहून तो मागे सरकला. त्याच्या खांद्यावर शेला होता. अंगणात दमणी उभी होती. पडदे काढलेले होते, आणि दोरीवर दोन पांढरी धोतरे वाळत होती.

सत्यभामा दारात आली.

"बसा," ती म्हणाली. 'पंत' म्हणाली नाही.

"बशीरला कोठडीत घातलंय."

तिचा चेहरा उतरला. "कोनाले? चाचाले? काहून? त्यानं तं हुकूम ऐकला!"

"साहेबाला वाटतं तो खोटं बोलतो. उद्या सकाळी फौजदार." ते थोडे थांबले. "तू त्याला अंकल का म्हटलंस?"

"मंग काय म्हनू? बुढा मानूस हाये. मी वखारीत पयली खेप गेली तवा मले पानी त्यानं पाजलं." तिने पदर तोंडाला लावला. "मडमेवानी बोलाचं म्हनून घरी लई घोकलं मी. पन तो समोर काठी टेकत आला, अन् नुसतं 'ओपन' म्हनाले जीभच नाही रेटली. तुमाले कसं कळलं?"

"मडम असती तर तसं म्हणाली नसती. आया असती तरी म्हणाली नसती. त्यांच्यात तसं म्हणत नाहीत. तो शब्द फक्त माझ्या अंगणातून बाहेर पडू शकतो. आणि तो चुकीचा आहे. मीच चुकीचा शिकवला."

आत कोणीतरी जात्यावर दळत होते, त्याची घरघर येत होती.

"पेटी फोडली नाही मी," ती म्हणाली. "रामराव पुड्या जाळून टाकीन म्हनून आनली. साहेब आला की त्याच्याच हाती देनार होती. थेट."

"मला दे. मी देतो. मी सांगतो साहेबाला."

"तुमी?" तिच्या आवाजात राग नव्हता, तेच पंतांना जास्त लागले. "तुमी परत मिस्टेक म्हनसान."

छकडा रिकामाच परतला. वाटेत पऱ्हाटीची शेते पसरली होती, वेचणी संपलेली, काळी-करडी. एवढ्या मोठ्या मुलखात आपल्याशी बोलणारे एकच माणूस होते, आणि आपण एका मऊ शब्दासाठी ते घालवले, असे केशोपंतांना वाटत राहिले.

६

सकाळी व्हरांड्यात साहेब खुर्चीवर बसला होता. पायऱ्यांखाली बशीर होता, दोन शिपायांच्या मध्ये. रामराव खांबाला टेकून उभा होता. फाटकाकडे पंतांनी दोनदा पाहिले. रस्ता रिकामा होता.

"बोला," साहेब म्हणाला. "काय निघाले?"

केशोपंतांच्या हातात पुरावा नव्हता, पेटी नव्हती. डोक्यात कोशातले लांबलचक, घरंदाज, निरुपद्रवी शब्द रांगेने उभे होते. त्यांनी त्या सगळ्यांना बाजूला सारले.

"धिस मॅन इज ऑनेस्ट," ते बशीरकडे बोट दाखवून म्हणाले. मग बोट खांबाकडे वळवले. "दॅट मॅन इज अ चीट."

रामरावाला इंग्रजी येत नव्हते, पण बोट कळले. "काय म्हनलं? काय म्हनलं यानं?"

"लबाड म्हटलं," पंतांनी त्याला मराठीत सांगितले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी दोन्हीकडे सारखेच भाषांतर केले होते. मग साहेबाकडे वळून ते इंग्रजीत सांगू लागले. "त्या दिवशी ती बाई आली होती. ती मिस्टेक म्हणाली नव्हती. ती म्हणाली होती, याने चोरी केली. शब्द मी बदलला."

साहेबाच्या भुवया जवळ आल्या. "का?"

"भीती वाटली, सर."

"आणि आज याला लबाड कशावरून म्हणता?"

"भातकुलीची पुडी तिथल्या शेतकऱ्याने घरी बांधून मोहोर लावली. ती तुमच्यापुढेच फुटायची होती. मग आत आखूड धागा आहे हे याला कसे कळले? काल फाटकात हा मला आपण होऊन तसे म्हणाला."

साहेबाने मोडक्यातोडक्या हिंदीत रामरावाला तेच विचारले. रामरावाचे पान गालातच राहिले. "तेचं काय... अंदाजानं, साहेब... भातकुलीचा कापूस..."

"भातकुलीला बनीच पेरतात," खालून बशीर म्हणाला. "अंदाज कराचा तं लांबच धाग्याचा करा लागते, रामरावजी."

तेवढ्यात बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. पांढऱ्या पडद्यांची दमणी फाटकात येऊन थांबली. बशीर उठून उभाच राहिला. "हीच! साहेब, हीच ती दमणी!"

पडदा सरला. पेटी कडेवर घेऊन सत्यभामा उतरली, पायऱ्या चढली आणि पेटी साहेबापुढे ठेवून सरळ उभी राहिली. पंतांकडे तिने पाहिले नाही.

"आय टुक द बॉक्स, सर," ती म्हणाली. "आय डिड नॉट ओपन द बॉक्स."

साहेबाच्या तोंडातली चिरूट विझली असावी. त्याला ती पेटवायचे सुचले नाही. आपले कुलूप कोणी उघडले, ते त्याला आता दिसत होते.

"अरे बेटी," बशीर म्हणाला, "तू थी?"

भातकुलीची पुडी निघाली. मोहोर वरकरणी शाबूत होती. साहेब सुरी घालणार तोच केशोपंत पुढे झाले. "सर, आधी दोरा पाहा. इथे घरातली बाई ज्या कापसाची पुडी, त्याच कापसाचं सूत कातून ती बांधते."

साहेबाला भाषा येत नसेल, पण कापूस येत होता. त्याने दोरा सोडवला, उलगडला, त्यातला एक तंतू ओढून उजेडात धरला. लांब, मऊ, चमकदार. मग पुडी फोडली, आतली चिमूट घेतली आणि दोन्ही अंगठ्यांत ओढली. ती तटकन तुटली. त्याने पुन्हा ओढून पाहिली. पुन्हा तेच.

"या कापसातून हा दोरा निघणार नाही," तो हळू म्हणाला.

रामरावाने खांब सोडला होता. शिपायांनी त्याला फाटकापाशी अडवले.

७

बशीर सुटला, आणि पंतजींनी साहेबापुढे रामरावाला लबाड म्हटले, हे भेटेल त्याला सांगू लागला. भातकुलीहून नवी पुडी आली, आणि या वेळी ती सत्यभामेने साहेबाच्या हाती दिली. मधे कोणी नव्हते. कापूस पास झाला.

रामराव पकडला गेला त्याच सकाळी साहेबाने केशोपंतांना बाजूला बोलावले होते. त्याच्या आवाजात कठोरपणा नव्हता.

"आज तुम्ही खरे बोललात. पण ज्याचे शब्द तपासून घ्यावे लागतील असा दुभाषी मला नको." पंतांना ते पटले. त्यांनी मान हलवली.

त्यानंतरचे दिवस फार लांब गेले. शाळेत जागा मिळते का, हे पाहायला अकोल्याला जावे असे ते रोज ठरवत आणि रोज राहून जाई. फाटकाला ते आतून कडी घालून ठेवत. ज्याच्यासाठी ते उघडे ठेवावे असे कोणी येणारच नव्हते. कोशावर धूळ बसली. अंगण भेगाळले.

एके दिवशी तिसऱ्या प्रहरी ते ओसरीवर पेंगत होते. बाहेर शेणाची पाटी जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला. फाटकावर थाप पडली, आणि मग कोणीतरी स्पष्ट, घोकलेल्या आवाजात म्हणाले,

"ओपन द डोअर, अंकल."

शब्द चुकीचा होता. इंग्रज माणूस असे म्हणत नाही, हे तिला नीट समजावून सांगायला हवे होते. केशोपंत उठले, घाईने पायांत वहाणा सरकवल्या, त्याही उलट्यासुलट्या, आणि काही न बोलता त्यांनी कडी काढली.